घरात राहिलेल्यांची कादंबरी : मराठी अभ्यास मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
मराठी अभ्यास मंडळ,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर
यांस,

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे नाते आरंभापासूनचे आहे, आणि या जिल्ह्यांनी विसाव्या शतकात युद्ध, भूमिगत लढा, जाळपोळ व दंगल यांचा जो अनुभव घेतला, तो मराठी कथा-कादंबरीत कसा उतरला हे तपासण्याचे काम याच विद्यापीठाकडे स्वाभाविकपणे येते. त्या तपासणीतील एका उणिवेकडे, म्हणजे हिंसेच्या काळातील स्त्रियांच्या अनुभवाकडे, मंडळाचे लक्ष वेधावे, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्यासाठी एक स्वतंत्र अभ्यासपत्रिका असावी अशी विनंती करावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. विनंती लहान असली तरी तिच्यामागचे कारण सविस्तर सांगावे लागते.

कारणाचा आरंभ व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’पासून करणे योग्य ठरेल. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली, मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळले आणि पुढील काही दिवसांत मुंबई, पुणे, कोल्हापूर यांसह तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात व आसपासच्या संस्थानी मुलखात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ व लूट झाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्याच लाटेत जळाला. (आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) औंध संस्थानातील माडगूळ या गावी वाढलेल्या लेखकाने या घटनेवर कादंबरी लिहिताना पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांची वाटचाल हा तिचा कणा केला. बातमी कळते, वाहने बंद पडतात, वाटेत धुराचे लोट दिसतात, ओळखीची माणसे अनोळखी होतात आणि शेवटी घर येते. कोणत्याही जातीविषयी विखार न ठेवता आणि आवाज न चढवता लिहिलेली ही कादंबरी मराठीतील संयमित गद्याचा उत्तम नमुना आहे, आणि तिच्यावर येथे काही बोट ठेवायचे आहे ते हे मोल मान्य करूनच.

प्रवासाच्या रूपबंधाची एक किंमत असते. निवेदन वाटेवर असते तेव्हा घर हे पोहोचण्याचे ठिकाण होते, आणि घरातील आई, काकू, आत्या, विधवा आजी या पोहोचणाऱ्याला दिसतात तशाच वाचकाला दिसतात : अंगणात बसलेल्या, गाठोडे सांभाळणाऱ्या, रडणाऱ्या किंवा रडू न शकणाऱ्या. तरुण वाट तुडवीत असताना घरात जे तास गेले, जमाव वेशीपाशी आल्याचे कोणी सांगितले, देव आधी उचलायचे की दागिने की बाळंतिणीचे अंथरूण हे कोणी ठरवले, कोणत्या शेजारणीने दार उघडले आणि कोणी लावून घेतले, हे तास त्या रूपबंधाच्या बाहेर राहतात. लेखकाला सहानुभूती कमी होती असा याचा अर्थ नाही. ज्याच्या पायांनी कथा चालते त्याच्याच डोळ्यांनी ती पाहते, एवढेच. परंतु याच रूपबंधाने पुढच्या आठवणींना, आत्मचरित्रांना आणि घराघरांतील सांगण्याला वळण लावले, आणि १९४८ ची गोष्ट प्रामुख्याने परत येणाऱ्या मुलाची गोष्ट झाली.

दक्षिण आशियातील अन्य भाषांनी हाच प्रश्न कसा हाताळला ते पाहिले म्हणजे ही उणीव अधिक स्पष्ट होते. ‘जमातवादी हिंसा’ म्हणजे धर्म, जात वा वंश या ओळखीवरून एका समूहाने दुसऱ्या समूहातील माणसांवर, त्यांचा व्यक्तिगत दोष न पाहता, केलेली हिंसा. तिचे सर्वांत मोठे प्रकरण १९४७ च्या फाळणीचे आहे. अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’ (१९५०) या पंजाबी कादंबरीतील पूरोला रशीद पळवून नेतो, ती निसटून माहेरी येते, आणि आईबाप तिला दारातून परत पाठवतात. हिंसेचे दुसरे टोक आपल्याच घराच्या उंबऱ्यावर असते, हे त्या प्रसंगाने एकदाचे मांडले. राजिंदर सिंग बेदी यांच्या ‘लाजवंती’ या उर्दू कथेत पळवलेल्या स्त्रियांना पुन्हा घरात घ्या म्हणून प्रभातफेऱ्या काढणारा सुंदरलाल स्वतःची बायको परत आल्यावर तिला देवी म्हणू लागतो आणि तिने काय सोसले ते मात्र तिला सांगू देत नाही. मारझोड करणारा जुना नवरा तिला या भक्तापेक्षा बरा वाटावा, इतका हा नकार सौम्य आणि संपूर्ण आहे. ऐकून न घेणे हाही हिंसेचा एक प्रकार असतो, हे या कथेइतके नेमकेपणाने दक्षिण आशियातील फार थोड्या लेखनाने दाखवले असेल.

बंगालीत ज्योतिर्मयी देवी यांनी नौखालीच्या १९४६ च्या दंगलीत आईवडिलांना मुकलेल्या सुताराची कथा लिहिली. मुसलमान शेजाऱ्यांनी तिला वाचवले व काही महिने सांभाळले, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्या हिंदू नातलगांनी तिला स्वयंपाकघरापासून, पाण्यापासून, लग्नकार्यापासून दूर ठेवले. ही कादंबरी १९६८ मध्ये ‘एपार गंगा ओपार गंगा’ या नावाने पुस्तकरूपाने आली. त्याआधी नियतकालिकात ती ‘इतिहासातील स्त्रीपर्व’ अशा अर्थाच्या नावाने छापली गेली होती. महाभारतात युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येते खरे, पण त्यात रणांगणावरील स्त्रिया आपापल्या पुरुषांसाठी शोक करतात. स्त्रियांवर स्वतःवर काय गुदरले त्याचे पर्व कोणी लिहिलेले नाही, असा लेखिकेचा रोख होता.

या कथांच्या पाठीशी कोणते वास्तव होते हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांचा सरकारी अंदाज भारतात सुमारे ५०,००० मुसलमान आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया असा होता. त्यांना शोधून ‘परत’ पाठवण्यासाठी भारताने १९४९ मध्ये अपहृत व्यक्तींविषयीचा कायदा केला, आणि त्या कायद्याने स्त्रीला जायचे आहे की नाही हा प्रश्न विचारण्याची गरजच ठेवली नाही. नव्या घरात मुले झालेल्या, तेथेच राहू इच्छिणाऱ्या स्त्रियांनाही उचलून नेण्यात आले. रावळपिंडी भागातील थोआ खालसा गावात मार्च १९४७ मध्ये सुमारे नव्वद शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. भीष्म साहनी यांच्या ‘तमस’मध्ये तसाच प्रसंग आहे, आणि १९८८ साली दूरदर्शनवर तो मराठी घरांनीही पाहिला. उर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांत वृद्ध स्त्रियांशी दीर्घ संवाद करून या हौतात्म्याच्या कथेला प्रश्न विचारले : उडी कोणाच्या इच्छेने घेतली गेली, जी वाचली तिच्याविषयी कोण बोलते, आणि बापाने वा भावाने मारलेल्या मुलीची गणना कोणत्या बाजूच्या हिंसेत करायची? असे प्रश्न आधी ललित लेखनाने विचारले, इतिहासलेखन त्यामागून आले. साहित्याच्या अभ्यास मंडळाने हा क्रम लक्षात घ्यावा.

सातारा-सांगलीच्या १९४८ ला पंजाबचे माप लावणे मात्र चुकीचे ठरेल. येथील हिंसेचा मुख्य रोख घर, वाडा, दुकान, सावकारी कागद आणि मालमत्ता यांवर होता; घरातील माणसांना बाहेर काढून मग घर पेटवल्याच्या हकिकती आठवणींत पुन्हा पुन्हा येतात, आणि अन्य जातींच्या शेजाऱ्यांनी आसरा दिल्याच्याही तितक्याच येतात. तिच्यामागे खून आणि अफवा यांखेरीज ब्राह्मणेतर चळवळीचा दीर्घ इतिहास, कुळ आणि जमीनदार यांच्यातील तेढ आणि गावगाड्यातील जुने अपमान होते. त्यांची नोंद न घेता लिहिलेली कथा केवळ एका जातीचे गाऱ्हाणे होईल, आणि त्यांचीच नोंद घेऊन लिहिलेली कथा आगीचे समर्थन होईल. या दोन्हींतून निघण्याचा मार्ग घरातील स्त्रीच्या बाजूने पाहिल्यास सापडण्याची शक्यता अधिक आहे, कारण ती एकाच वेळी दोन ठिकाणी उभी होती. गावात तिचा वाडा वरचा होता, पण वाड्यात तिची जागा खालची होती. कुळाकडून आलेले धान्य ती मोजून घेत असे, पण जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव नसे. सोवळ्या विधवेची स्थिती तर त्याहून अवघड होती, कारण केशवपन आणि लाल आलवण यांनी तिची जात व तिचे वैधव्य दुरूनच सांगितले जाई आणि जमावापासून लपण्यासाठी वेश बदलण्याची सोयही तिला रूढीने ठेवली नव्हती. ज्या रूढीने तिला घरात कोंडले तिचीच खूण बाहेर तिच्या जिवावर यावी, हा पेच कादंबरीकाराला आयुष्यभर पुरेल एवढा आहे.

त्या वाड्यात भांडी घासायला, दळायला, बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या स्त्रीचे काय? तिच्या घरातील पुरुष कदाचित जमावात होते, कदाचित वाड्याच्या रक्षणाला उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे कामच जळालेले होते. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी जमिनीचे नाते बदलले, अनेक ब्राह्मण कुटुंबे पुण्या-मुंबईकडे सरकली, आणि या दोन स्त्रियांमधील संबंध, जो मायेचा होता, राबवणुकीचा होता आणि विटाळाच्या नियमांनी बांधलेला होता, कोठेही न नोंदवला जाता संपला. दलित साहित्याने गावगाडा आतून उघडा केल्यानंतर आता या संबंधाकडे भाबडेपणाने पाहणे शक्य नाही, हे अभ्यासाच्या दृष्टीने चांगलेच झाले आहे.

याच भूमीवर १९४८ पूर्वी आणखी एक युद्ध झाले होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्तेला डावलून गावोगावी न्यायनिवाडा, बंदोबस्त आणि रसद चालवणारी भूमिगत व्यवस्था, १९४३ ते १९४६ या काळात शेकडो गावांत चालली. तिचा इतिहास गाड्या अडवणे, खजिना लुटणे, तुरुंग फोडणे अशा पराक्रमांनी सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाही आहे. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी उतारवयात पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितलेला प्रसंग मात्र वेगळ्या जातीचा आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्याबाहेर नवरा-बायकोच्या भांडणाचा देखावा उभा करायचा, नवऱ्याने बायकोला मारायचे, पोलीस सोडवायला बाहेर येतील तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातील शस्त्रे काढून न्यायची, असा तो बेत होता. मार मात्र देखाव्यापुरता राहिला नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले. भर रस्त्यात बायकोला बडवणारा नवरा पोलिसांना संशयास्पद वाटला नाही, कारण ते दृश्य रोजचे होते. घरातील हिंसा इतकी मान्य होती की तिच्या आडून साम्राज्याविरुद्धची कारवाई पार पडली. हौसाबाई २०२१ मध्ये गेल्या. क्रांतीची आणि संसाराची अशी गाठ दाखवणारा प्रसंग पोवाड्यात बसत नाही, त्याला कादंबरीच हवी.

बांगलादेशाच्या सेलिना होसेन यांनी १९७६ मध्ये ‘हाङर नदी ग्रेनेड’ ही कादंबरी लिहिली, तिचा येथे आधार घेता येईल. १९७१ च्या मुक्तियुद्धात घरात शिरलेल्या दोन लढवय्यांना वाचवण्यासाठी बुडी नावाची खेड्यातील आई आपला मुकाबहिरा मुलगा सैनिकांच्या हवाली करते. हा त्याग राष्ट्रासाठी असे म्हणून कादंबरी पुढे जात नाही असे नाही, आणि तेवढ्यापुरती ती टीकेलाही पात्र आहे. पण आसरा देणाऱ्या घराला काय मोजावे लागते हा प्रश्न तिने केंद्रस्थानी आणला. वाळवा, तासगाव, खानापूर, खटाव येथील किती घरांनी भूमिगतांना भाकरी दिली, आणि त्या भाकरीसाठी पुढे पोलिसांच्या धाडी, जप्ती आणि मारहाण घरातील कोणी सोसली? कासेगावच्या इंदुताई पाटणकर या चळवळीत तरुणपणी उतरल्या आणि अनेक दशकांनंतर परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांच्या हक्कांच्या लढ्यातही दिसल्या. या दोन लढ्यांमधील अंतर आणि सातत्य हा अभ्यासाचा विषय आहे.

अण्णा भाऊ साठे हे या प्रदेशाचे दुसरे मोठे कथनकार, आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. वाटेगावच्या या लेखकाने ‘फकिरा’ (१९५९) लिहिली, तशी ‘वैजयंता’, ‘चित्रा’, ‘चंदन’, ‘आवडी’, ‘रत्ना’ अशी स्त्रियांच्या नावांचीही कादंबऱ्यांची रांग लावली, आणि पंजाब-दिल्लीच्या दंगलीवर पोवाडाही रचला; साताऱ्याच्या मातीतून फाळणीकडे पाहणारी नजर तेव्हाच तयार होती. त्यांच्या नायिका कोपऱ्यात बसून वाट पाहत नाहीत, त्या कोयता उचलतात, पळून जातात, उलट बोलतात. तरीही त्यांच्या कथानकांत संकट पुष्कळदा ‘शील’ या एकाच मापाने मोजले जाते, आणि शील वाचले की स्त्री वाचली असे गृहीत असते. पूरो, लाजवंती आणि सुतारा यांच्या कथा शील गेल्याचे मानले गेल्यानंतर सुरू होतात. हा फरक केवळ लेखकाच्या दृष्टीचा नाही. जातीने आधीच जिच्या देहावर हक्क सांगितला होता अशा स्त्रीसाठी शील राखणे हीच बंडखोरी होती, आणि या मुद्द्यावर वर्गात मोकळी चर्चा झाली तर विद्यार्थी अण्णा भाऊंकडे पुन्हा नव्याने वळतील.

युद्धाचे घरही या भागाला नवे नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात मृत्युमुखी पडले आणि त्या गावाने पुढेही सैन्यात माणसे पाठवणे थांबवले नाही. मागे राहिलेल्या सासू-सुनांनी मनीऑर्डरवर, पेन्शनच्या कागदावर आणि दिराच्या मर्जीवर कसे दिवस काढले, हे कथेत क्वचितच येते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, कारण पुरुष एकतर सैन्यात होते किंवा सोव्हिएत हद्दपारीत मेले होते. युद्ध संपल्यावर ती छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांना जागा मिळून आजचे गांधीनगर उभे राहिले. एकाच बराकीत एकापाठोपाठ एक दोन महाद्वीपांच्या विस्थापित स्त्रियांनी चूल मांडली, ही गोष्ट विद्यापीठाच्या आवारापासून काही मैलांवर घडली.

साधनांच्या अभावाची सबब येथे फार टिकत नाही. सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर यांनी स्त्रियांच्या लोकपरंपरेवर केलेले काम, आणि हेमा राईरकर व गी पॉईटेव्हिन यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या, यांनी अक्षर न येणाऱ्या स्त्रियांनीही आपले जगणे बांधीव शब्दांत ठेवल्याचे सिद्ध केले आहे. ओवीत माहेर, भाऊ, सासुरवास यांच्या जोडीला लाम, पलटण, दुष्काळ, पुढारी हेही येतात. ओवी हा इतिहासाचा थेट पुरावा मानू नये हे खरे. पण कोणत्या गोष्टी बोलता येत होत्या आणि कोणत्या आडूनच सांगाव्या लागत होत्या, हे ती सांगते, आणि कथनाच्या अभ्यासकाला तेवढे पुष्कळ आहे.

मंडळाकडे मागणी आहे ती अशी. एम. ए.च्या एका सत्रात ‘हिंसा, स्त्री आणि कथन’ अशा स्वरूपाची अभ्यासपत्रिका असावी. तीत ‘वावटळ’ आणि अण्णा भाऊंची एक कादंबरी यांच्या शेजारी ‘पिंजर’, ‘लाजवंती’ आणि ज्योतिर्मयी देवींची कादंबरी अनुवादातून वाचली जावी, आणि जेथे मराठी अनुवाद उपलब्ध नसेल तेथे तो करवून घेणे हाच विभागाचा एक प्रकल्प मानावा. लघुप्रबंधासाठी विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यातील वृद्ध स्त्रियांशी बोलावे. १९४८ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पलीकडे आहे, त्यामुळे या कामाला पुढच्या वेळच्या अभ्यासक्रम-बदलापर्यंत थांबता येणार नाही. बोलणाऱ्या स्त्रीची संमती, नाव न देण्याचा तिचा हक्क, आणि मधेच ‘आता पुरे’ म्हणण्याची तिची मुभा यांचे नियम आधी लेखी ठरवावेत. १९४९ च्या कायद्याने जे विचारले नाही ते निदान विद्यापीठाने विचारावे.

अशा विषयाने जुन्या जखमा उघड्या होतील आणि एखादी संघटना दाराशी येईल, ही भीती मंडळात व्यक्त होऊ शकते आणि ती निराधार नाही. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत गणेशोत्सवाच्या काळात दंगल उसळली; १० सप्टेंबर २०२३ रोजी खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने हल्ला केला आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. पण या घटना कोणत्याही अभ्यासपत्रिकेमुळे घडलेल्या नाहीत. त्या दंगलींच्या रात्री गल्लीतील घरांत ज्या बायका दारे लावून बसल्या, त्यांतील काहींच्या मुली आज कराड, विटा, मिरज, इस्लामपूर येथील महाविद्यालयांत मराठी विषय घेऊन शिकत असतील, आणि आपल्या आईने त्या रात्री काय ऐकले हे त्यांना घरी विचारता आलेले नसेल. अभ्यासपत्रिकेचा पहिला लघुप्रबंध त्यांच्यापैकी कोणी लिहिणार असेल, तर मार्गदर्शक नेमताना मंडळाने शक्यतो अनुभवी स्त्री-अध्यापकांची निवड करावी आणि ध्वनिमुद्रणे विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात, सांगणारीने घातलेल्या अटींवर, जपून ठेवण्याची व्यवस्था आधीच करून घ्यावी.

कळावे.